खुंटीवरची किल्ली

अकोला, ९ मे २०२५

चि. विपुल,

चिरंजीव लिहायचा हक्क माझ्याकडे उरला आहे की नाही, ठाऊक नाही. पण अकरा वर्षं तू माझ्या हाताखाली काम केलंस आणि तुझ्या सुटीच्या अर्जावर शेरा मारतानासुद्धा मी तुला कधी 'श्री.' लिहिलं नाही. आता एकसष्टाव्या वर्षी नवा मायना कुठून आणू? फोन तू उचलत नाहीस. परवा संध्या म्हणाली, अहो, त्याने तुमचा नंबरच बंद करून ठेवला असेल. म्हणून हे पोस्टाचं पाकीट. पत्ता तुझ्या जुन्या अर्जावरचाच आहे, मु. पो. वलगाव. पोस्टमन ओळखत असेलच तुला.

पत्राला कारण असं की हॉस्पिटलमधून बोलावणं आलं होतं. मी निवृत्त होऊन वर्ष झालं, पण पावसाळा तोंडावर आला की त्यांना धर्माधिकारी आठवतात. पुराच्या फळ्या कशा लावायच्या ते नव्या माणसाला दाखवून जा म्हणाले. नवा माणूस म्हणजे अमोल, डिप्लोमा झालेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्याने मला विचारलं, "सर, याचं काही मॅन्युअल आहे का?" मी म्हटलं, "आहे, पण ते हल्ली वलगावला शेती करतं." तो हसला नाही. त्याला कळलंच नाही.

फळ्या ठणठणीत आहेत. सातही सागाच्या, कडांना तू वलगावहून आणलेल्या ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची रबरी पट्टी, आणि तुझ्या हातचे आकडे. पाच नंबरवर खालीवर कळावं म्हणून तू बाण काढला होतास आणि तोच उलटा काढला होतास, तोही तसाच आहे. तळघराच्या उताराला आणि दोन्ही दारांना लोखंडी खाचा आहेत, त्यात एकेक फळी वरून सोडायची. आपण दोघं मिळून आठ मिनिटांत सगळ्या लावायचो. अमोलला आणि मला बावीस लागली. तळघरात काय काय आहे हे मी त्याला सांगितलं. मुख्य वीज पॅनेल, सक्शनच्या मोटारी आणि ऑक्सिजनची खोली. तिथे पाणी शिरलं की वर आयसीयूतल्या माणसाचा श्वास अडकतो. त्याने ते वहीत लिहून घेतलं.

मग त्याला पहिल्या मजल्यावर नेलं. आयसीयूच्या मागे राखीव दहा सिलिंडर, त्यांच्या व्हॉल्व्हवर लोखंडी पेटी, पेटीला कुलूप. तळघर बुडालं तर हा व्हॉल्व्ह उघडायचा, की वरचा ऑक्सिजन सुरू. पेटी आता नवी बसवली आहे. जुनी भंगारात गेली.

दुसरं म्हणजे, अमरावतीच्या एका हॉस्पिटलातून मार्चमध्ये मला फोन आला होता. तू तिथे अर्ज केला आहेस म्हणे, आणि जुन्या साहेबांचं मत हवं होतं. मी तुझ्याबद्दल चांगलंच बोललो. तुझ्या हातात कला आहे हे मी कुणालाही सांगेन.

तुझ्या आईच्या, पार्वताबाईंच्या, तेरवीला मी आलो नाही. तेव्हा चौकशी चालू होती, मी येणं बरं दिसलं नसतं. तुला ते लागलं असणार. पण विपुल, जे झालं ते पाण्याने झालं. तू, मी, कुणीच ते ठरवून केलं नाही. माणसाने किती दिवस मनात धरून बसायचं?

दोन ओळी लिही. शेतात काय पेरणार आहेस तेवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
शेखर धर्माधिकारी


अकोला, २५ मे २०२५

चि. विपुल,

उत्तर नाही. येईल असं मला वाटलं होतं, हे कबूल करतो. रोज अकरा वाजता मी फाटकापाशी उभा असतो आणि संध्या आतून विचारते, "कुणाची वाट पाहताय?" मी सांगतो, वीज बिलाची.

काल जठारपेठेत आपल्या आयसीयूतली चंदा सिस्टर भेटली. वांगी निवडत होती. मला पाहून तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, म्हणजे नमस्कार करायला नको. मीच विचारलं, विपुलचं अमरावतीचं काम झालं का? ती म्हणाली, "नाही झालं सर. तुम्हालाच फोन केला होता ना त्यांनी?" आणि निघून गेली. वांगी तिथेच राहिली.

तेव्हा मागच्या पत्रातलं एक वाक्य दुरुस्त करतो. मी चांगलंच बोललो असं लिहिलं होतं. मी जे बोललो ते असं: "मुलगा मनाने चांगला आहे. हातात कला आहे. फक्त जरा घाईचा आहे, अडचणीच्या वेळी गोंधळतो." बोलून झाल्यावर मी चहा प्यायलो. ऑक्सिजनच्या खोलीसाठी माणूस घेताना 'अडचणीच्या वेळी गोंधळतो' याचा अर्थ काय होतो, हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तीस वर्षं मी हेच काम केलं.

दोन वर्षांपूर्वी पूर आला तेव्हा तू गोंधळला नव्हतास. मी तिथे नव्हतो, पण सगळ्यांच्या जबान्या वाचल्या आहेत. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. वर पातुरकडे पाऊस कोसळला होता, मोर्णा फुगली, नाला उलटा वाहू लागला आणि बारा वाजता आवारात गुडघाभर पाणी आलं. तू एकट्याने अकरा मिनिटांत सातही फळ्या लावल्यास. दारातून थेंब आत आला नाही. पाणी आलं ते जमिनीखालून, नव्या स्कॅन मशीनसाठी जुलैमध्ये जी केबल टाकली तिच्या नळीतून. भिंतीत नळी जिथे शिरते तिथलं भोक उघडं होतं. आपण दाराशी पहारा बसवला आणि पाणी न्हाणीतून शिरलं.

ते भोक तू मला दोनदा दाखवलं होतंस. "साहेब, दोन घमेले रेती अन् थोडकसं सिमेंट लागते, आजच बुजवून घेऊ." मी म्हणालो, ठेकेदाराचं काम आहे, त्याचं त्याला करू दे. दुसऱ्यांदा म्हणालो, महालक्ष्म्या होऊ दे, मग बघू. चौकशीत मला विचारलं, भोकाबद्दल कुणी सांगितलं होतं का? मी म्हणालो, आठवत नाही. मला आठवत होतं. तू कुठला शर्ट घातला होतास तेही आठवतं.

आता ते भोक बुजवायला मी अमोलला सांगितलं आहे. बैल गेला आणि झोपा केला.

पार्वताबाई तेव्हा चार दिवस आयसीयूत होत्या, न्यूमोनियाने. वलगावहून अमरावती हाकेच्या अंतरावर. तुझे काका किसनराव तिथेच नेऊ म्हणत होते. तू अकोल्याला आणलंस, कारण "तिथी मी हाओ, आपलं घरच हाय ते." हे तू सांगत होतास तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. मला अभिमान वाटला होता.

ऑक्सिजन बंद पडला तेव्हा वर सहा रोगी होते. ऑक्सिजनचे सुटे छोटे सिलिंडर पाच. मशीनवरच्या पाचांना ते लावले. पार्वताबाई नुसत्या मास्कवर होत्या, बोलत होत्या, म्हणून त्या सिलिंडरवाचून राहिल्या. आणि तू पेटीचं कुलूप फोडत होतास. बारा मिनिटं.

कुलपाचं मी काही लिहीत नाही. चौकशीत सगळं आलेलं आहे.

शेखर धर्माधिकारी


अकोला, ८ जून २०२५

विपुल,

ताकाला येऊन भांडं लपवत होतो, हे तुला पहिल्या पत्रातच कळलं असेल. आता लपवत नाही. हे पत्र तू फाडणार असशील तर आधी वाच आणि मग फाड. मी हात जोडतो.

आज सकाळी चंदा सिस्टर घरी आली. पहिल्यांदाच. मागच्या आठवड्यात ती नात्यातल्या लग्नाला वलगावला आली होती आणि तुझ्याकडे येऊन गेली, हे तिने सांगितलं. म्हणाली, घराला कुलूप नव्हतं, कडीला सुतळी बांधली होती. तू शेतातून आलास, सुतळी सोडलीस, तिला पाणी दिलंस आणि बसल्या बसल्या विचारलंस, "सिस्टर, तुमी तथीच होत्या. मी किल्ली उलटी तं नाई ना लावली? हात ओले होते माये. घाईत उलटी लागली असन का?"

चंदा म्हणाली, "सर, दोन वर्षं झाली. जेव्हा भेटतो तेव्हा हेच विचारतो. मी काय सांगू त्याला?" संध्या चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने तो खाली ठेवला नाही.

किल्ली तू उलटी लावली नव्हतीस, विपुल. ती किल्ली त्या कुलपाची नव्हतीच.

पहिल्यापासून सांगतो. ती जुनी पेटी बसवली तेव्हा तिला कुलूप नव्हतं; कुणीतरी व्हॉल्व्हशी खेळलं होतं आणि दोन सिलिंडर रिकामे झाले होते, ते तुला आठवत असेल. मी चिडलो. अलिगढचं पितळी कुलूप आणलं. नियम असा की किल्ली माझ्या खोलीतल्या खुंटीवर, लाल फितीत. एकदा ती दिवसभर सापडली नाही. साफसफाईवाल्या बाईने टेबलाखालून काढून दिली. तेव्हा मी ठरवलं की कुणाचा भरवसा नाही, आणि किल्ली जानव्याला बांधली. आमच्याकडे ही जुनीच सवय. माझे वडील मोरोपंत कोर्टात बेलिफ होते, त्यांची तिजोरीची किल्ली जन्मभर जानव्याला होती. पण खुंटी रिकामी दिसली तर तपासणीला येणारे विचारतील. म्हणून मी लाल फितीत माझ्या जुन्या स्कूटरची किल्ली अडकवून दिली. स्कूटर कधीच भंगारात गेली होती.

मी हे कुणाला सांगितलं नाही. तुलासुद्धा नाही. रोज सकाळी तू रजिस्टरात 'किल्ली जागेवर' अशी खूण करायचास, लाल फीत लांबून पाहून. मला त्याची गंमत वाटायची. वाटायचं, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलचा श्वास माझ्या जानव्याला बांधलेला आहे. असा मूर्ख अभिमान मी चार वर्षं अंगावर वागवला.

आमच्या घरच्या महालक्ष्म्या तुला माहीत आहेत, दोनदा जेवून गेला आहेस. आईचं सोवळं कडक. मी पीतांबर नेसून वाढायला. आईला जानव्याची किल्ली चालत होती, फोन चालत नव्हता. सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत, कपाटावर. चौकशीत मी लिहून दिलं की फोन लांब होता, ऐकू आला नाही. तो लांब होता. ऐकू आला होता.

पंगतीत आंबील वाढत होतो. बाहेर फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. पातेलं घेऊन दारापाशी आलो तेव्हा कपाटावर तुझं नाव दिसलं. वाटलं, फळ्यांचंच काहीतरी विचारत असशील, एवढं सगळं शिकवून झालं तरी याला माझ्यावाचून जमत नाही. आई आतून म्हणाली, "शेखर, हात लावशील तर पुन्हा आंघोळ. पान वाढून ठेवलंय." हॉस्पिटल घरापासून दहा मिनिटांवर. किल्ली छातीवर होती. मी वळलो आणि दुसऱ्या पंगतीला आंबील वाढली.

सतरा वेळा केला होतास तू. मी चार वाजता पाहिलं.

मी पोचलो तेव्हा पाणी ओसरत होतं. तुम्ही सगळे वर पार्वताबाईंपाशी होतात. मी वर आलो नाही. आधी माझ्या खोलीत गेलो. टेबलावर लाल फीत पडलेली होती, ओली, त्यात स्कूटरची किल्ली. तू धावत येऊन ती घेतलीस, लावलीस, ती फिरेना, मग परत आणून टाकलीस आणि हातोडा घेऊन गेलास, हे सगळं मला ती फीत पाहून कळलं. विपुल, तेव्हा माझ्याकडे वेळ होता. जिना चढून जाऊन खरं सांगण्याइतका वेळ. मी दार लोटलं, स्कूटरची किल्ली खिशात टाकली, जानव्याची गाठ सोडली आणि खरी किल्ली लाल फितीत घालून खुंटीवर टांगली.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. तू म्हणालास, "किल्ली फिरलीच नाई." चौकशीवाल्यांनी फुटलेलं कुलूप आणलं, खुंटीवरची किल्ली घातली आणि ती लोण्यासारखी फिरली. रजिस्टरात रोजची तुझीच खूण. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तू ओरडशील. तू किल्लीकडे पाहिलंस आणि मग आपल्या हातांकडे पाहिलंस. तेव्हापासून तू त्या हातांनाच दोष देत असशील असं माझ्या मनात आलं नाही. मला वाटलं होतं, तुला माझा संशय आला आहे आणि म्हणून तू बोलत नाहीस. तू रागावला आहेस अशी समजूत करून घेणं मला सोयीचं होतं.

तुझ्या हातांचं काही चुकलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं. मला लाज वाटते, आणि ती दोन वर्षांपूर्वी वाटायला हवी होती.

आई या जानेवारीत गेली. तिला हे कळलं नाही. तुझ्या आईला मात्र मी काय उत्तर देऊ?

शेखर


अकोला, १९ जून २०२५

विपुल,

तू उत्तर देशील म्हणून हे लिहीत नाही. काय केलं ते कळवतो.

मागचं पत्र टाकल्यावर घरी आलो तर संध्या म्हणाली, "त्या महालक्ष्म्यांच्या रात्री तुमच्या जानव्याला किल्ली नव्हती. मी दोन वर्षं वाट पाहतेय." एवढंच बोलली. मग आम्ही दोघं जेवलो नाही.

सोमवारी हॉस्पिटलच्या विश्वस्तांना लेखी जबाब दिला. त्यात किल्लीचं, भोकाचं, फोनचं सगळं आहे. प्रत सोबत जोडली आहे, खाली माझी सही आणि साक्षीला चंदा सिस्टरची. विश्वस्तांनी वाचलं आणि म्हणाले, "धर्माधिकारी, जुनं कशाला उकरता? तुम्हीच अडचणीत याल." मी म्हटलं, तेवढ्यासाठीच आलो आहे. त्यांनी पोच दिली. पुढे वकिलाकडे जाईल, कदाचित पोलिसांकडेही. जाऊ दे.

बुधवारी अमरावतीला गेलो. ज्यांनी फोन केला होता त्या बाईंना भेटलो आणि त्यांच्यापुढे तोच कागद ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "ती जागा भरली आमची." मग म्हणाल्या, "तुम्ही असे दिसत नाही."

मुद्दाम दर्यापूरवरून जाणारी एसटी धरली होती. वलगावला ती पाच मिनिटं थांबली. मी उठलो, पिशवी घेतली, दारापर्यंत आलो. कंडक्टर म्हणाला, "उतरता का काका?" स्टँडवर एक बाई डोक्यावर टोपली घेऊन उभी होती, पाठमोरी, पार्वताबाईंच्याच बांध्याची. मी परत जागेवर येऊन बसलो. तुझ्या दारात यायला तू बोलवायला हवंस, आणि तू बोलवू नयेस हेच बरोबर आहे.

पाकिटात स्कूटरची किल्ली ठेवली आहे. दोन वर्षं ती माझ्या कपाटात, मोज्यांच्या खाली होती. ती फेकून द्यायची हिंमत झाली नाही. तू हातात घेऊन पाहा. तिचे दात एका बाजूलाच आहेत. अलिगढच्या कुलपात ती अर्धीच शिरते आणि फिरत नाही, मी परवा तसलंच कुलूप आणून पाहिलं. जगातला कुठलाही माणूस, कितीही शांत हातांनी, तिने ते कुलूप उघडू शकला नसता.

अमोलने भोक बुजवलं. नवी किल्ली आता आयसीयूच्या दाराशी काचेच्या डबीत आहे, सगळ्यांना दिसेल अशी. फळ्या आम्ही चौदा मिनिटांवर आणल्या आहेत.

शेखर


वलगाव, २९ जून २०२५

साहेब,

तुमचे चारही कागद भेटले. मले पुस्तकी लिवता येत नाई. बोलतो तसंच लिवतो.

पयले भोकाचं. अमोलनं कायनं बुजवलं? नुसतं सिमेंट असन तं ते केबलीच्या बाजूनं तडकते. आधी दोरखंड डांबरात बुडवून ठासून भरा लागते, मंग सिमेंट. अन् त्या नळीच्या खाली हातभर अंतरावर आनखी एक भोक हाय, पॅनेलच्या मांगं. कोनाले दिसत नाई. मले त्या दिवशी पायाले धार लागली तवा समजलं. चौकशीत मी सांगतलं होतं, कोनी लिवून घेतलं नाई. आभाय भरून राहिलं इकडं. त्याले आजच सांगा. माया नंबर द्या त्याले, त्याचा फोन मी उचलीन.

अमरावतीच्या बाईचा फोन आला होता. दिवाळीनंतर दुसरी जागा निंगते म्हने. जाईन का नाई ते अजून ठरवलं नाई. सोयाबीन पेरली हाय.

मायचं तुमाले ठाऊक नाई ते सांगतो. पानी आलं म्हून निरोप आला तवा मी तिच्यापाशीच उभा होतो, तिले चमच्यानं पानी पाजत होतो. माया पाय निंगेना. तिनं मास्क बाजूले केला अन् म्हने, "जाय बापा, लोकायचं पाह्य पयले. मी कुठी पयून चालली?" मी म्हनलं, दहा मिन्टात येतो. मी आलो तवा चंदा सिस्टर तिच्या तोंडावर हवा भराचा फुगा दाबून राहिली होती अन् रडून राहिली होती. तुमी दुसरी पंगत वाढली तवाचाच टाइम असन तो. हे मी तुमाले टोचाले नाई लिवत. पन तुमाले ठाऊक पायजे.

माफ केलं असं लिवत नाई. खोटं लिवनं मले जमत नाई. तुमी अकरा साल मले शिकवलं तेई खोटं नाई. दोन्ही गोष्टी एका माणसाच्या कशा, ते मले समजत नाई. इकडं येऊ नोका सध्या. येसान तं मी काय करीन ते मलेच सांगता येत नाई.

त्या दिवसापासून मी कोन्त्याच कुलपाले हात लावला नाई. माय गेली तवा तिची पेटी होती, तिचीई किल्ली बायकोले फिरवा लावली. रातच्याले झोपीत मी हात उलटा सुलटा करतो म्हने. किसनकाका म्हनत, पोराच्या डोक्यात गेलं. मलेई तसंच वाटे.

तुमची स्कूटरची किल्ली पाकिटातून निंगाली. ओट्यावर बसून लय वेळ पाह्यली. लहान हाय. पोरीच्या गुल्लकची असते तेवढी. मंग उठलो, मायच्या पेटीचं जुनं कुलूप काढलं, सुतळी सोडली अन् दाराले कुलूप लावलं. बायको अंगनातून पाह्यत होती. मंग त्याचीच किल्ली घातली, फिरवली.

एकाच खेपेत उघडलं, साहेब.

विपुल